न दुखणाऱ्या डागाचे मोजमाप

आक्काच्या फॉर्मवर शेवटी आकडा पडला तो तीन. तीसपैकी तीन.

एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याचा त्वचारोग विभाग होता. बाकावर मधे आक्का, एका बाजूला तिची सून, दुसऱ्या बाजूला मी. बाहेर नंबर लावून बसलेली माणसे. समोरच्या तरुण डॉक्टरच्या हातात एका पानाची प्रश्नावली होती आणि मुलगी बोलायला मोठी गोड होती. “मावशी, गेल्या आठ दिवसांत या डागांमुळे तुम्हाला लाज वाटली का? खूप, बरीच, थोडी, की अजिबात नाही?” आक्का म्हणाली, “आता कशाची लाज, बाई? मी जातच न्हाई कुठं.” डॉक्टरने क्षणभर विचार केला आणि ‘थोडी’च्या चौकटीत खूण केली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय बासष्ट. केज तालुक्यातल्या एका खेड्यात तिचे सारे आयुष्य गेले. अठ्ठाविसाव्या वर्षी उजव्या अंगठ्याजवळ पहिला पांढरा ठिपका दिसला. आज दोन्ही हात, ओठ आणि पावले कोडाने भरली आहेत. त्या प्रश्नावलीच्या हिशेबात तीन या आकड्याचा अर्थ ‘आयुष्यावर किरकोळ परिणाम’ असा होतो. मी मानसशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. मापनश्रेणी कशा बांधतात हे वर्षानुवर्षे वर्गात शिकवलेले. आकडा ऐकून मला बरे वाटले, हे कबूल करतो. परतीच्या वाटेवर, गाडीत आक्काला डोळा लागलेला असताना, एक गोष्ट ध्यानात आली आणि ते बरे वाटणे संपले. चौतीस वर्षांत आक्काने मला भाऊबीजेला ओवाळलेले नाही. ताट ती तयार करते. ओवाळायची तिची मुलगी. मुलगी सासरी गेल्यावर सून. आणि चौतीस वर्षांत हे असे का, असे मी तिला एकदाही विचारलेले नाही.

ओवाळणे सुटले हे त्या पानावर कुठे लिहायचे होते? तशी जागाच त्यावर नव्हती. त्वचारोग असलेल्या माणसाने स्वतःवर घेतलेला कलंक मोजण्याची जी साधने आज वापरात आहेत, त्यांची तपासणी मी या लेखात करणार आहे ती या एका प्रश्नाच्या उजेडात.

दहा प्रश्नांचे पान

आक्काला विचारलेली प्रश्नावली ‘डर्मेटॉलॉजी लाइफ क्वालिटी इंडेक्स’ या नावाने जगभर ओळखली जाते. कार्डिफ येथील फिनले आणि खान यांनी ती १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. दहा प्रश्न, प्रत्येकी शून्य ते तीन गुण, एकूण तीस. शून्य ते एक म्हणजे काहीच परिणाम नाही. दोन ते पाच किरकोळ. सहा ते दहा मध्यम. अकरा ते वीस मोठा. एकवीसपासून पुढे अतिशय मोठा. पान भरायला काही मिनिटे पुरतात. गर्दीच्या ओपीडीत हा गुण लहान नाही. या पानाने एक मोठे कामही केले: त्वचेचा आजार म्हणजे किती टक्के अंग व्यापले एवढेच नव्हे, माणसाचे जगणे किती अडले हेही पाहायचे असते, हे डॉक्टरांच्या गळी उतरवले. ब्रिटनमध्ये सोरायसिसची महागडी जैविक औषधे द्यायची की नाही हे ठरवताना हा आकडा दहाच्या वर आहे का ते पाहतात. म्हणजे हा आकडा नुसता कागदावर राहत नाही, तो दार उघडतो किंवा बंद करतो.

हेच पान आक्कासमोर ठेवून पाहू. पहिला प्रश्न खाज, आग, वेदना यांचा. कोड खाजत नाही, दुखत नाही. शून्य. दुसरा लाजेचा, त्याचा एक गुण वर आलाच. तिसरा बाजारहाट आणि घरकामाचा. बाजार मुलगा करतो. ‘लागू नाही’. चौथा कपड्यांचा. आक्का तीस वर्षे मनगटापर्यंत बाह्यांचे पोलके घालते, वैशाखातही. “सवयच हाय” म्हणाली. त्याचा एक गुण, तोही सुनेने आठवण करून दिली म्हणून. पाचवा समारंभ आणि करमणुकीचा. ती जात नाही, त्यामुळे तिथे काही अडतही नाही. शून्य. सहावा खेळाचा. ‘लागू नाही’. सातवा कामाचा. शेतात आणि घरात ती राबतेच, कोड तिला अडवत नाही. शून्य. आठवा जवळच्या माणसांशी येणाऱ्या अडचणींचा. शेजारी सून बसलेली. शून्य. नववा पतिपत्नीच्या संबंधांचा. डॉक्टरने तो आपणहून गाळला. ‘लागू नाही’. दहावा उपचारांच्या त्रासाचा. मलम चिकट आहे. एक. झाले तीन.

या साधनाचा मोठा दोष इथेच आहे: ‘लागू नाही’ या उत्तराला शून्य गुण मिळतात. जिला खेळायला कधी मिळालेच नाही तिची आणि जिला खेळताना काहीच अडचण येत नाही तिची बेरीज सारखीच होते. पाश्चात्त्य अभ्यासकांनीही हा दोष दाखवला असून अशी उत्तरे वगळून गुणांचा हिशेब नव्याने करण्याची सुधारणा सुचवली आहे. पण त्याने अर्धेच काम होते. ज्या गोष्टी आक्काने कोडामुळे सोडल्या त्याही तिच्या तोंडी ‘लागू नाही’ अशाच येतात. समारंभ तिला लागू होतेच की! अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत गावातल्या प्रत्येक हळदीला जात्यावर गाणी म्हणायला तिलाच बोलावणे असे.

दुसरा दोष मुदतीचा. प्रश्न गेल्या आठवड्याचे आहेत. औषधाने उतार पडला का हे पाहायला आठवडा ठीक. कलंकाचे कॅलेंडर मात्र वेगळे असते. त्यात लगीनसराई असते, जत्रा असते, नागपंचमीला माहेरी जाणे असते, भाऊबीज असते. आषाढातल्या एखाद्या मंगळवारी दवाखान्यात बसून गेल्या आठ दिवसांत काय झाले असे विचारले, तर काहीच झालेले नसते.

मनाला लावून घेणे

कुणी म्हणेल, ती प्रश्नावली जीवनमानाची. कलंकाची साधने वेगळी आहेत. खरे आहे. अर्व्हिंग गॉफमन यांचे कलंकावरचे पुस्तक १९६३ चे. त्यांनी केलेला एक भेद त्वचारोगाला नेमका लागतो: ज्याचा डाग दिसतो तो माणूस आणि ज्याचा अजून झाकलेला आहे तो. पहिल्याला लोकांची नजर सांभाळायची असते, दुसऱ्याला बातमी. गिन्सबर्ग आणि लिंक यांनी १९८९ मध्ये सोरायसिसच्या शंभर रुग्णांवर तेहतीस प्रश्नांची श्रेणी वापरली. नाकारले जाण्याची धास्ती, आपल्यात खोट असल्याची भावना, अपराधीपणा आणि शरम, लपवाछपवी असे तिचे पदर होते. जेनिफर बॉइड रिचर यांची एकोणतीस विधानांची श्रेणी २००३ ची. ती मुळात मनोविकारांसाठी, पण पुढे कुष्ठरोगासाठीही वापरली गेली. तिच्यातला मला आवडणारा भाग म्हणजे कलंकाला माणूस कसा तोंड देतो हेही ती विचारते. माणूस नुसता सोसत नसतो, हे तिथे मान्य केलेले आहे.

पॅट्रिक कॉरिगन यांनी स्वतःवर घेतलेल्या कलंकाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. लोक काय म्हणतात ते कळणे, ते पटणे, ते स्वतःला लावणे आणि त्यातून स्वतःच्या नजरेत उतरणे. याची परिणती ‘मग प्रयत्न तरी कशाला’ या अवस्थेत होते असे ते म्हणतात. आपल्याकडे याला घरगुती शब्द आहे: मनाला लावून घेणे. कोणत्याही पारिभाषिक शब्दापेक्षा तो नेमका आहे, पण त्यात एक गोम आहे. हा शब्द आपण बहुतेक वेळा ‘नकोस’ जोडून वापरतो. मनाला लावून घेऊ नकोस. म्हणजे लावणारे सुटले आणि घेणारी दोषी ठरली. ‘स्वकलंक’ मोजणाऱ्या श्रेण्यांतही हा धोका आहे. आकडा रुग्णाच्या नावावर पडतो आणि दुरुस्तीही त्याच्यातच करायची असे ठरते.

भाषेचा प्रश्न इथेच संपत नाही. ‘डाग’ हा शब्द त्वचेवरच्या चट्ट्यालाही आहे आणि अब्रूवरच्या बट्ट्यालाही. “डागामुळे तुम्हाला कमीपणा वाटतो का?” या वाक्यात दोन्ही अर्थ एकदम येतात आणि उत्तर कोणत्या अर्थाला दिले ते कळत नाही. त्यात ‘कोड’ हा शब्दच मुळी संस्कृत ‘कुष्ठ’पासून आलेला. मराठीत त्याचा अर्थ पांढऱ्या डागांपुरता राहिला आणि कुष्ठरोगाला महारोग, रक्तपिती ही नावे राहिली. हिंदीत मात्र ‘कोढ़’ म्हणजे आजही कुष्ठरोग. वैद्यकाच्या दृष्टीने दोहोंचा काही संबंध नाही. कुष्ठरोग जंतूमुळे होतो, त्याचा चट्टा बधिर असतो आणि बहुविध औषधोपचाराने तो बरा होतो. कोडात त्वचेचा रंग तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात. ते सांसर्गिक नाही आणि तिथली संवेदना शाबूत असते. पण नावाने जोडलेले नाते व्याख्यानाने तुटत नाही. कुष्ठरुग्ण शोधमोहिमेत आशाताई घरोघरी जाऊन चट्ट्यांची चौकशी करतात तेव्हा आक्का आतल्या खोलीत जाते. आपल्याला तो रोग नाही हे तिला पक्के ठाऊक आहे. शेजारणीला ते ठाऊक असेल याची तिला खात्री नाही.

शिवाय उत्तरांचे पर्याय. ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ ही शिडी शिकलेल्या माणसाची आहे. आमच्याकडे उत्तर येते ते ‘लई’, ‘जरासं’ किंवा ‘न्हाई’. आणि विचारणारा डॉक्टर असेल तर, “तुमी म्हणता तर आसंल.” ही प्रश्नावली रुग्णाने एकट्याने, मनाशी वाचून भरायची असते. आपल्या ओपीडीत ती मोठ्याने वाचली जाते आणि उत्तरे सून ऐकते, मुलगा ऐकतो, रांगेतला पुढचा माणूसही ऐकतो.

मुंबईत केलेले काम

याला पर्याय नव्हता असे नाही. तो आपल्याच राज्यात तयार झाला होता. मिचेल वाइस आणि त्यांच्या मुंबईतील सहकाऱ्यांनी कुष्ठरोग आणि मानसिक आरोग्य यांच्या अभ्यासासाठी मुलाखतीची एक पद्धत विकसित केली. ‘एमिक’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९९२ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिएट्रीत प्रसिद्ध झाली. अभ्यासाची रचना विचारपूर्वक केलेली होती. नुकतेच निदान झालेले ५६ कुष्ठरुग्ण घेतले. तुलनेसाठी १९ जण कोड असलेले, म्हणजे कलंक आहे पण कुष्ठरोग नाही असे. आणखी २० जण शिबे असलेले, म्हणजे त्वचेवर डाग आहेत पण त्यांना कुणी नावे ठेवत नाही असे. नैराश्य, चिंता किंवा तत्सम मनोविकार कुष्ठरुग्णांपैकी ५० टक्क्यांत, कोड असलेल्यांपैकी ३७ टक्क्यांत आणि शिबे असलेल्यांपैकी २० टक्क्यांत आढळले. गट लहान आहेत, त्यावरून फार ताणू नये. पण डाग तिघांच्याही अंगावर होते. फरक समाजाने त्या डागाला दिलेल्या अर्थात होता.

मला त्या पद्धतीचे महत्त्व वाटते ते दुसऱ्याच कारणाने. ती आधी माणसाला बोलू देते. तुम्हाला काय झाले आहे? कशामुळे झाले असे वाटते? कुणाकुणाकडे गेलात? गोष्ट आधी, आकडा मागून, आणि दोन्ही जपून ठेवायचे. आजाराचे कारण विचारल्यामुळे एक अनपेक्षित गोष्ट त्यांच्या हाती आली. आजार शरीरातल्या दोषांच्या बिघाडाने होतो असे परंपरेप्रमाणे मानणारे रुग्ण दवाखान्यात अधिक नेमाने येत होते. आपण ज्याला अडाणीपणा म्हणून उडवून लावतो त्याचा उपचाराला उपयोग होत होता. आक्काला विचारले असते तर तिने सांगितले असते की बाळंतपणात पथ्य मोडले, दुधावर मासळी खाल्ली, म्हणून हे झाले. चौतीस वर्षे ती या एका जेवणासाठी स्वतःला दोष देते आहे. कोडाचा त्याच्याशी संबंध नाही हे तिला सांगायला एका मिनिटाचे काम होते. पण दहा प्रश्नांत ‘कशामुळे झाले असे वाटते’ हा प्रश्न नाही, म्हणून ते सांगायचे राहून गेले.

दिल्लीच्या एम्समधील त्वचारोगतज्ज्ञांनी पुढे खास कोडासाठी बावीस प्रश्नांची भारतीय श्रेणी बांधली. सर्वसाधारण प्रश्नावलीत कोड असलेल्यांचे दुःख निसटते हे त्यांनी ओळखले, हे योग्यच झाले. पुण्याच्या श्वेता असोसिएशनमार्फत डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांना एकत्र आणले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ (२००६) या चित्रपटाने कोड असलेली नायिका पडद्यावर आणली. मात्र ती नायिका डॉक्टर आहे, शहरातली आहे. खेड्यात राहणाऱ्या, साठी उलटलेल्या बाईसाठी प्रश्न तयार करणे अजून बाकी आहे.

कोयता आणि ‘मी’

या सर्व श्रेण्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: कलंक वाहणारा ‘मी’ एकटा असतो. आमच्या जिल्ह्याला हे गणित परके वाटावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांची मोजणी माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्या जोडीच्या नावाने, हिशेबही जोडीचा. ही पद्धत अन्यायाची आहे, पण इथे माणूस कशात मोजला जातो हे तिच्यावरून कळते. कलंकाचेही असेच आहे. आक्काच्या हातावर कोड आले तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला तो धाकट्या बहिणीच्या लग्नाचा. पाहुणे बघायला आले त्या दिवशी आक्काला मळ्यात पाठवले. ती गेली. तिने ते लाजेने केले, की बहिणीवरच्या मायेने? श्रेणीत ते ‘सामाजिक माघार’ म्हणून नोंदले जाईल. आक्का म्हणेल, “तिचं लगीन जमलं न्हवं?”

आणि धास्ती खोटी होती का? हा प्रश्न स्वकलंकाच्या प्रत्येक श्रेणीला विचारायला हवा. कुष्ठरोगाचे उदाहरण घ्या. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली. रोग बरा होऊ लागला. पण कुष्ठरोगाच्या कारणावरून जोडीदाराला घटस्फोट मागता येईल ही तरतूद हिंदू विवाह कायद्यासह अन्य विवाहविषयक कायद्यांत तशीच राहिली. ती निघाली २०१९ मध्ये. मधल्या जवळजवळ चार दशकांत एखाद्या बऱ्या झालेल्या बाईने ‘नवरा मला सोडील अशी भीती वाटते’ या विधानाला ‘पूर्णपणे सहमत’ म्हटले असेल, तर तिचे गुण वाढले असतील. तिने मात्र देशाचा कायदा बरोबर वाचला होता. तो तिच्या मनाचा आजार नव्हता.

थोडक्यात, या मापनात दोन्ही बाजूंनी चूक होते. भीती वास्तवाला धरून असली तरी ती रुग्णाच्या मनातली खोट म्हणून मोजली जाते. उलट, माणसाने आयुष्य इतके आवरून घेतले की भिण्याचे प्रसंगच उरले नाहीत, तर आकडा खाली येतो आणि आपण म्हणतो, किरकोळ. कलंकाचे काम पुरे झाले की तो दुखायचा थांबतो. दुखणे मोजणारे साधन तिथे शून्य दाखवणार.

काय विचारावे

आकडेच नकोत असे मी म्हणणार नाही. आकड्याशिवाय समुपदेशकाचे पद मंजूर होत नाही, औषधाचा पैसा मिळत नाही. फक्त आकडा कशाचा काढायचा ते बदलावे लागेल. अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्ह्यात समाजकार्य आणि मानसशास्त्र शिकणारी मुले आहेत. त्यांच्यासाठी चार सूचना करतो.

पहिली, काय दुखते याच्या आधी काय सुटले ते विचारावे. डाग येण्याआधी करत होता आणि आता करत नाही असे काय काय? हळद, जत्रा, पंगतीत वाढणे, लेकराला भरवणे, ओवाळणे. प्रत्येक गोष्टीपुढे तीन रकाने: कधी सोडले, आपणहून सोडले की कुणी सुचवले, आणि परत करावेसे वाटते का.

दुसरी, तुलना जवळच्या माणसाशी करावी. नेपाळ, भारत आणि ब्राझीलमध्ये तयार झालेल्या अठरा प्रश्नांच्या सहभाग-श्रेणीत उत्तर देणाऱ्याने स्वतःची तुलना आपल्यासारख्याच दुसऱ्याशी करायची असते. कल्पना उत्तम आहे. पण ‘आपल्यासारखी’ कोण हे मोघम ठेवले की उत्तर येते, “आमच्यात बायका जातच न्हाईत.” त्याऐवजी विचारावे: तुमची जाऊ जिथे जाते तिथे तुम्ही जाता का? एकाच उंबऱ्यातल्या दोघी असल्या की गरिबी, जात, रीत सारे जवळपास समान होते. उरतो तो डागाचा फरक.

तिसरी, घरच्यांनाही विचारावे, आणि वेगळे बसवून. रुग्णाचे उत्तर तपासायला नव्हे, घराने कोणती दारे लावली ते नोंदवायला. त्याचा आकडा रुग्णाच्या नावावर मांडू नये.

चौथी, आजार कशाने झाला असे वाटते हे विचारावे आणि उत्तर ऐकून तिथल्या तिथे खरे काय ते सांगावे. मोजणाऱ्याने मधे बोलू नये हा मापनाचा नियम मी वर्गात शिकवला आहे. चौतीस वर्षांचा दोष एका वाक्याने हलका होणार असेल तर तो नियम मोडावा.

या पद्धतीतही उणिवा आहेत. तिला वेळ लागेल, कोपरा लागेल, आणि जुन्या आठवणी आजच्या मनःस्थितीने रंगलेल्या असतात. ज्याला लहानपणीच कोड आले त्याला ‘आधी’ असा काळच नसतो. त्याच्यासाठी प्रश्न वेगळे करावे लागतील. ऊसतोडीला गेलेली माणसे सहा-सहा महिने कोपीवर असतात, त्यांना गाठायचे तर प्रश्न घेऊन फडावर जावे लागेल. हे सगळे करूनही एखादे सुटलेले काम यादीत नसेलच. म्हणून शेवटची ओळ मोकळी ठेवावी.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा आक्काला फोन करून विचारले की तू ओवाळायचे का सोडलेस. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “त्या साली तू ताटातली सुपारी उचललीस आन् हात धुवायला गेलास. तुला आठवत नसंल.”

मला खरेच आठवत नाही. जेवायला बसायचे होते म्हणून गेलो असेन. तसे तिला सांगितलेही. ती म्हणाली, “आसंल.” या भाऊबीजेला मी केजला जाणार आहे आणि ताट तिनेच हातात घ्यावे असे म्हणणार आहे. ती घेईल की सुनेकडे देईल, मला सांगता येत नाही.